लेकीने सेमिस्टर मध्येच सोडलं तर डॉर्म, कर्ज आणि ग्रँटचं काय होतं? (अमेरिका)

अंगणवेल | ६ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज मदत हवी आहे.

माझी लेक एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. घरापासून गाडीने साडेचार तास. डॉर्ममध्ये (विद्यापीठाच्या वसतिगृहात) राहते. सप्टेंबरच्या मध्यापासून फोनवर तिचा आवाज वेगळाच यायला लागला होता. परवा शनिवारी आम्ही दोघं न कळवता गेलो. दुपारचे दोन वाजले होते आणि खोलीत मिट्ट काळोख. टेबलावर दोन पुस्तकं प्लॅस्टिकच्या वेष्टनात तशीच पडलेली. पोरगी गेले सतरा दिवस एकाही वर्गाला गेलेली नाही. कॅम्पसवरच्या डॉक्टरांनी डिप्रेशन आहे असं स्पष्ट सांगितलं आणि हे सत्र सोडून घरी जाण्याचा सल्ला दिला.

तिला घरी आणायचं हे ठरलं आहे. त्यावर चर्चा नको. प्रश्न पुढचा आहे. २०२३ मध्ये यांची नोकरी सात महिने नव्हती, त्या उत्पन्नावर यंदाचा फॅफ्सा (केंद्राच्या मदतीचा अर्ज) झाला, त्यामुळे थोडी पेल ग्रँट (फेडावी न लागणारी मदत) मिळाली. बाकी तिच्या नावावर केंद्र सरकारचं कर्ज, आणि उरलेलं आम्ही ५२९ प्लॅनमधून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचतीतून) भरलं. आकडे असे: ट्यूशन (शिकवण्याची फी) ६,००० डॉलर, डॉर्म आणि जेवण ५,८००. पेल २,०००, सबसिडाइज्ड कर्ज (शिकत असताना व्याज सरकार भरतं) २,२५०, अनसबसिडाइज्ड (व्याज आपल्यावरच) १,०००. आमचे ६,५५०. हे सगळं एका सत्राचं.

एका ऑफिसात म्हणतात ट्यूशन परत मिळायची मुदत संपली. दुसरीकडे म्हणतात हाउसिंगचा करार वर्षाचा आहे. तिसरीकडे म्हणतात मदतीचे पैसे परत जातील आणि तुम्हाला बिल येईल. जी शिकणारच नाही तिचं बिल कसं काय येतं? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

पारिजात | ६ ऑक्टोबर

ताई, आधी लेकीला जवळ घ्या. तुम्ही न कळवता गेलात हे फार बरं केलंत. पैशांचं ज्यांना कळतं ते सांगतीलच.

मिडवेस्टकर | ६ ऑक्टोबर

सत्राचा ६० टक्के भाग पार केला की केंद्राची मदत पूर्ण पदरात पडते, एक पैसाही परत जात नाही. तारखा बघा. जेमतेम तीन आठवडे उरले असतील, तर कागदोपत्री तेवढे थांबा आणि मग सोडा. माझ्या पुतण्याने असंच केलं होतं.

हिशेबी | ६ ऑक्टोबर

मी एका कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थी-खात्यांच्या ऑफिसात काम करते. तुमच्या विद्यापीठाचे नियम मला माहीत नाहीत, पण केंद्राचा हिशेब सगळीकडे एकच असतो, म्हणून तो आधी सांगते.

अंगणवेल, तुम्ही तीन ऑफिसांत गेलात आणि तीन उत्तरं मिळाली. ती तिन्ही खरी आहेत, कारण ही तीन वेगळी खाती आहेत. ट्यूशनची परतफेड विद्यापीठाच्या वेळापत्रकाने चालते. डॉर्म हाउसिंगच्या कराराने चालतं. केंद्राची मदत कायद्याने चालते: १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याचं टायटल फोर. तिन्हीच्या तारखा वेगळ्या आणि एकाने सूट दिली म्हणून दुसरा देत नाही.

आता केंद्राचं. सत्र मध्येच सोडल्यावर टायटल फोरचे किती पैसे परत करायचे, या हिशेबाला आम्ही ऑफिसात आर-टू-टी-फोर म्हणतो. कल्पना अशी की मदत दिवसागणिक ‘कमावली’ जाते. सत्र कधी सुरू झालं, कधी संपतं?

अंगणवेल | ६ ऑक्टोबर

२५ ऑगस्ट ते १२ डिसेंबर. थँक्सगिव्हिंगची सुट्टी बुधवार २६ नोव्हेंबर ते रविवार ३०. ऑक्टोबरमध्ये दोन दिवसांची छोटी सुट्टी आहे.

हिशेबी | ६ ऑक्टोबर

छान, सगळं आलं. २५ ऑगस्ट ते १२ डिसेंबर ११० दिवस होतात. शनिवार-रविवार धरायचे. सलग पाच किंवा जास्त दिवसांची सुट्टी वजा होते, म्हणून थँक्सगिव्हिंगचे ५ गेले; दोन दिवसांची सुट्टी वजा होत नाही. उरले १०५.

आज ४३ वा दिवस. ४३ भागिले १०५ म्हणजे ४१ टक्के. मदत एकूण ५,२५० (कर्जातून फी कापली जाते, ती सोडून देऊ). आज सोडलं तर कमावलेली मदत २,१५२.५०, न कमावलेली ३,०९७.५०.

ही न कमावलेली रक्कम विद्यापीठाने किती परत करायची याचीही मर्यादा असते: विद्यापीठाने लावलेल्या आकाराच्या ५९ टक्के (१०० वजा कमावलेले ४१). त्यात ट्यूशनसोबत विद्यापीठाचं डॉर्म आणि जेवणही धरतात. ११,८०० चे ५९ टक्के ६,९६२ होतात, ही रक्कम ३,०९७.५० पेक्षा बरीच जास्त. म्हणजे सगळे ३,०९७.५० विद्यापीठच ४५ दिवसांच्या आत परत पाठवणार.

क्रमही कायद्यात ठरलेला आहे. आधी अनसबसिडाइज्ड कर्ज, मग सबसिडाइज्ड, पालकांचं प्लस कर्ज असेल तर ते, आणि त्यानंतर पेल. तुमच्या बाबतीत १,००० आणि २,०९७.५० कर्जांतच संपतात. पेलला हात लागत नाही. लेकीच्या नावावर कर्ज उरतं १५२.५० डॉलर.

हे ऐकून बरं वाटतं, पण तुमचा प्रश्न इथेच आहे. कर्ज सरकारला परत गेलं, आणि ज्या ट्यूशन व डॉर्मसाठी ते आलं होतं त्यांचा आकार मात्र तिच्या खात्यावर तसाच उभा आहे. तेवढी रक्कम आता विद्यापीठाचं येणं झाली. सरकारचं कर्ज शिक्षण संपल्यावर किंवा सोडल्यावर काही महिन्यांनी, सवलतीने फेडायचं असतं. विद्यापीठाचं येणं लगेच मागितलं जातं आणि थकलं की वसुली कंपनीकडे जातं. म्हणून लढायचं ते केंद्राच्या हिशेबाशी नाही, तिथे कोणाचाच हात चालत नाही. ट्यूशन आणि डॉर्म या दोन आकारांपैकी जेवढा कमी करून घेता येईल तेवढा घ्या. दोन्हीसाठी वेगवेगळे अर्ज असतात.

कॉफीवेडी | ६ ऑक्टोबर

हिशेबी, नाव सार्थ केलंत. विद्यापीठाने आम्हाला याचं अकरा पानी पत्र पाठवलं होतं, त्यातून हे एवढं कळलं नव्हतं.

मिडवेस्टकर | ६ ऑक्टोबर

हिशेबी यांच्या आकड्यांनी माझं म्हणणं पक्कंच होतं. १०५ चे ६० टक्के ६३. म्हणजे ६३ वा दिवस २६ ऑक्टोबर, आणि २७ ऑक्टोबरला ६० च्या वर. तीन आठवड्यांसाठी तीन हजार डॉलर घालवू नका.

रानफूल | ७ ऑक्टोबर

मिडवेस्टकर, राग मानू नका, पण हा सल्ला आम्हाला महागात पडला होता. लिहिते, कारण अंगणवेल आज-उद्या निर्णय घेणार.

आमचा मुलगा पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये असाच खचला. आम्हीही ६० टक्क्यांचा हिशेब केला आणि त्याला सांगितलं, ‘थोडे दिवस काढ.’ तो खोलीत राहिला, वर्गात गेला नाही. नोव्हेंबरात त्याला फॉर्म भरायचंही सुचेना आणि तो राहूनच गेला. सगळ्या विषयांत एफ (नापास) आले. सगळे एफ दिसले की विद्यापीठाला विचारावंच लागतं, हा मुलगा शेवटपर्यंत होता का? प्राध्यापकांकडे नोंद नव्हती, तेव्हा त्यांनी सत्राचा मध्य धरला, ५० टक्के. म्हणजे मदत परत गेलीच, ट्यूशनवर सवलत मिळाली नाही, डॉर्म डिसेंबरपर्यंतचं लागलं, आणि ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) डब्ल्यूऐवजी, म्हणजे ‘विषय सोडला’ या नोंदीऐवजी, पाच एफ. ते एफ पुसायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आणि पैशांपलीकडचं. त्या तीन आठवड्यांत तो जेवढा खोल गेला तेवढा आधीच्या दोन महिन्यांत गेला नव्हता. आम्ही त्याला मोजत बसायला लावलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

हिशेबी | ७ ऑक्टोबर

रानफूल म्हणतात ते नियमाला धरून आहे. जिथे हजेरी घेणं बंधनकारक नाही तिथे सोडण्याची तारीख म्हणजे विद्यार्थ्याने नेमलेल्या ऑफिसला कळवलं तो दिवस. पण विद्यापीठाला हवं तर ते शेवटच्या शैक्षणिक कामाची तारीखही धरू शकतं. शैक्षणिक काम म्हणजे परीक्षा दिली, असाइनमेंट जमा केली, वर्गात बसली. नुसतं पोर्टलवर लॉगिन केलं तर ते धरत नाहीत. सतरा दिवस वर्गात न गेलेल्या मुलीला २७ तारखेपर्यंत नावापुरतं ठेवलं तर ६० टक्के मिळतीलच, असं मी तरी म्हणणार नाही.

उलट हेही बघा: उशीर केला की डॉर्मचे आठवडे वाढत जातात.

‘कळवलं’ याचा अर्थही नीट घ्या. ॲडव्हायजरला किंवा प्राध्यापकाला ईमेल केला तर ते पुरत नाही. रजिस्ट्रार, डीन ऑफ स्टुडंट्स, जे ऑफिस नेमलेलं असेल तिथे. तोंडी कळवलेलंही चालतं, पण लेखी करा आणि पोच जपून ठेवा.

टेकडीपल्याड | ७ ऑक्टोबर

मी एमएसचा विद्यार्थी, एफ-वन व्हिसावर. इथे माझ्यासारखेही वाचत असतील म्हणून लिहितो. आम्हाला केंद्राची मदत मिळतच नाही, पण घाईने सोडणं आम्हाला सगळ्यात धोक्याचं. आधी डीएसओकडे (विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायचं, मग रजिस्ट्रारकडे. परवानगी घेऊन सोडलं तर देश सोडायला १५ दिवस मिळतात. न सांगता सोडलं तर एकही दिवस नाही, स्टेटस तिथेच संपतं.

आजारपण असेल तर सोडायची गरजच नसते, हे फार जणांना माहीत नसतं. डॉक्टरांचं किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र असेल तर डीएसओ वैद्यकीय कारणाने कमी कोर्सेस मंजूर करू शकतो, अगदी शून्यसुद्धा. एका पातळीच्या शिक्षणात एकूण १२ महिन्यांपर्यंत. माझ्या रूममेटने याच सोयीने इथेच राहून उपचार घेतले. त्याची असिस्टंटशिप मात्र थांबली आणि तिच्यासोबतची ट्यूशनची माफीही गेली. डिपार्टमेंटला ते आधी विचारायला हवं होतं.

निळावंती | ७ ऑक्टोबर

डॉर्मबद्दल मी सांगते, तीन वर्षांपूर्वीचं.

आमच्या मुलीच्या हाउसिंगचा आकार विद्यापीठ सोडल्याच्या तारखेला थांबत नव्हता. तो खोली रीतसर सोडल्याच्या तारखेला थांबत होता. फॉर्म मंगळवारी भरला. खोली ७२ तासांत रिकामी करायची होती. नवरा गावाला गेलेला, म्हणून मी आणि शेजारीण गेलो. गाद्या, छोटा फ्रिज, भिंतीवरचे फोटो, पलंगाखालचा कपड्यांचा ढीग. मुलगी खुर्चीवर बसून एकेक फोटो भिंतीवरून काढून शूबॉक्समध्ये ठेवत होती आणि मी मध्येच उगाच ‘हा कुठला गं?’ विचारत होते, तिने बोलावं म्हणून.

निघायला शुक्रवारी संध्याकाळचे सहा वाजले. खालच्या डेस्कवर विद्यार्थी बसला होता, तो म्हणाला ‘किल्ली त्या पेटीत टाका.’ टाकली आणि निघालो. नोंद झाली सोमवारी. आठवडा रविवारी बदलतो, म्हणून एक आख्खा आठवडा जास्तीचा लागला. त्यात भिंतीवरच्या टेपच्या डागांचे पैसे लावले, कारण आम्ही खोली तपासून घेतली नव्हती.

म्हणून अंगणवेल, किल्ली माणसाच्या हातात द्या. चेकआउटच्या कागदावर तारीख आणि वेळ घालून सही घ्या. रिकाम्या खोलीचे फोटो काढा, कपाटाच्या आतूनही. मील प्लॅन वेगळा बंद करावा लागतो का ते विचारा; आमचा तसाच चालू राहिला होता.

जुना_खलाशी | ७ ऑक्टोबर

माझी दोन्ही मुलं आता नोकरीला लागली. २०२० च्या मार्चमध्ये धाकटा अर्ध्यातून घरी आला. तेव्हा केअर्स कायद्याने कोविडमुळे सोडावं लागलेल्यांची मदत परत करण्यातून सूट दिली होती. म्हणून अजून पुष्कळांना वाटतं की आजारपणाचं कारण दिलं की सूट मिळते. तशी सूट आता नाही. मेडिकल विड्रॉवल (आजारपणामुळे सत्र सोडणं) हा शब्द विद्यापीठाचा. तो ट्यूशनला, डॉर्मला, ट्रान्सक्रिप्टला उपयोगी पडतो; केंद्राच्या टक्केवारीला नाही.

आणखी एक शब्द फसवतो, लीव्ह ऑफ ॲबसन्स (रजा). विद्यापीठ खुशाल ‘लीव्ह’ म्हणेल आणि जागा राखून ठेवेल. पण केंद्राच्या लेखी लीव्ह धरायची तर ती १२ महिन्यांत १८० दिवसांच्या आत हवी आणि परत आल्यावर सोडलं तिथूनच पुढे सुरू करता यायला हवं. सेमिस्टरच्या कॉलेजात असं सहसा जमत नाही. म्हणजे विद्यापीठात लीव्ह आणि सरकारदरबारी विड्रॉवल, दोन्ही एकाच वेळी. विचारताना दोन्ही अर्थांनी विचारा.

सप्तर्षी | ७ ऑक्टोबर

वाचून जरा अस्वस्थ झालो. पोरगी आजारी आहे आणि आपण टक्के काढतोय. विद्यापीठ जे मागेल ते देऊन टाका आणि तिला घेऊन या. पैसा पुन्हा मिळवता येतो.

अंगणवेल | ७ ऑक्टोबर

सप्तर्षी, तुमची कळकळ पोचली. पण आमच्याकडे ‘देऊन टाकायला’ पैसे नाहीत. थकबाकी राहिली तर पुढच्या सत्राची नोंदणीच होणार नाही, आणि मग ती बरी झाल्यावर परत जायचा दरवाजा बंद होईल. तो उघडा राहावा म्हणूनच मी टक्के काढते आहे.

आज सकाळी लेकीशी बोलले. तीन आठवड्यांचं विचारलंच नाही. दुपारी तिने माझ्या शेजारी बसून डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसला ईमेल केला, रजिस्ट्रारचा फॉर्म भरला. पोच आली. म्हणजे ४४ वा दिवस. रानफूल, तुमचं वाचलं नसतं तर कदाचित २७ तारखेचा मोह झाला असता.

एक अडचण: फायनान्शियल एडच्या ऑफिसने माझ्याशी बोलायला नकार दिला. फर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवण्याचा कायदा) म्हणाले.

हिशेबी | ७ ऑक्टोबर

उत्तम केलंत.

फर्पा हा १९७४ चा कायदा. मूल कॉलेजात गेलं की नोंदींवरचा हक्क त्याचा, पालकांचा नाही. त्या बाईंवर चिडू नका, माझ्याकडे रोज पालक येतात आणि मलाही हेच म्हणावं लागतं. लेकीने संमतीचा फॉर्म भरला की बोलतील. पण बहुतेक ठिकाणी रजिस्ट्रार, एड आणि हाउसिंगचे संमतीचे फॉर्म वेगळे असतात. तिला एकाच बैठकीत तिन्ही भरू द्या, पुन्हा पुन्हा त्रास नको.

आता पुढचं, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. पुढच्या वर्षी मदत मिळायला समाधानकारक प्रगती दाखवावी लागते. डब्ल्यूचा जीपीएवर परिणाम होत नाही, पण घेतलेल्या क्रेडिट्समध्ये ते मोजले जातात. पहिल्या वर्षी तिने ३० पैकी ३० पूर्ण केले असतील आणि यंदाचे १५ डब्ल्यू झाले, तर ४५ पैकी ३० म्हणजे ६६.७ टक्के. बऱ्याच विद्यापीठांची रेषा ६७ ची आहे.

अंगणवेल | ७ ऑक्टोबर

तिचे नेमके तेवढेच आहेत. ३० आणि १५. आता काय?

हिशेबी | ७ ऑक्टोबर

घाबरू नका. आजारपणासाठी अपील असतं: काय झालं आणि आता काय बदललं, असे दोन मुद्दे मांडायचे. मान्य झालं की एका सत्रापुरती प्रोबेशनवर मदत मिळते. आजचीच कागदपत्रं तिथे लागतील, म्हणून डॉक्टरांच्या पत्रात तारखा मागून घ्या: आजार कधी सुरू झाला, कधीपासून वर्गात जाणं शक्य नव्हतं, घरी जाण्याचा सल्ला कधी दिला. असं एक पत्र ट्यूशनच्या अर्जाला, हाउसिंगच्या अर्जाला आणि या अपिलाला, तिन्हीकडे चालतं.

कॉफीवेडी | ८ ऑक्टोबर

आरोग्यविमा! कोणीच बोललं नाही. विद्यापीठाचा विमा घेतला असेल तर बऱ्याच प्लॅन्समध्ये पहिले ३१ दिवस वर्गात हजर असण्याची अट असते. ती पूर्ण असेल तर विमा पुढे चालतो, नाहीतर सुरुवातीपासूनच रद्द होतो. ती तुमच्या विम्यावर असेल तर प्रश्न नाही, २६ वर्षांपर्यंत राहू शकते. उपचार सुरू असताना हे आधी बघा.

अंगणवेल | ८ ऑक्टोबर

यांच्या कंपनीच्या विम्यावर आहे, नशीब. वर्क-स्टडीवर (केंद्राच्या मदतीतून मिळणाऱ्या नोकरीवर) ती लायब्ररीत काम करायची, त्याचे झालेले पगार परत मागतात का?

हिशेबी | ८ ऑक्टोबर

नाही. केलेल्या कामाचा पगार तिचा. तो या हिशेबात येतच नाही.

ओसरी | ९ ऑक्टोबर

कॅम्पसबाहेर भाड्याने राहणाऱ्यांसाठी: तुमच्या लीजचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. माझ्या भाच्याने कॉलेज सोडलं, १२ महिन्यांची लीज तशीच राहिली. भाऊ गॅरंटर, त्यामुळे नोटीस त्याला आली. शेवटी सबलेटचा (पोटभाड्याने राहणारा) माणूस शोधून दिला तेव्हा सुटका. ते भाडं विद्यापीठाचा आकार नाही, म्हणून आर-टू-टी-फोरच्या त्या मर्यादेतही धरत नाहीत. सही करण्याआधी सबलेटचं कलम वाचा.

पारिजात | ९ ऑक्टोबर

थोडं विषयाबाहेर. आपल्या मंडळातल्या लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न येईलच. मी सुचवीन, काही सांगू नका. ‘ब्रेक घेतलाय’ एवढं पुरे.

रानफूल | ९ ऑक्टोबर

पारिजात, मी आधी तसंच केलं. मग एका दिवाळीच्या फराळाला मुलासमोरच कोणीतरी विचारलं, आणि माझं गोलमोल उत्तर ऐकून त्याचा चेहरा उतरला. आपण लपवतोय म्हणजे यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असा त्याने अर्थ घेतला. पुढच्या वेळी त्यालाच विचारलं की काय सांगू. ‘आजारी होतो, आता बरा होतोय’ असं तो म्हणाला. तेच सांगते. अंगणवेल, लेकीलाच विचारा.

पारिजात | ९ ऑक्टोबर

हे पटलं.

अंगणवेल | १३ ऑक्टोबर

काल तिला घरी आणलं. निळावंतीताई, किल्ली हातात दिली. डेस्कवरची मुलगी म्हणाली पेटीत टाका, मी म्हटलं नाही, तुमच्या वरिष्ठांना बोलवा, मी थांबते. पस्तीस मिनिटं थांबलो. कागदावर १२ ऑक्टोबर, दुपारी ३.४० अशी नोंद आणि सही घेतली. कपाटाच्या आतूनही फोटो काढले. लेक गाडीत बसून बघत होती, काचेतून पहिल्यांदा हसली.

ट्यूशनचा आणि हाउसिंगचा असे दोन्ही अर्ज, डॉक्टरांच्या पत्रासह, गेले.

मिडवेस्टकर | १३ ऑक्टोबर

वाचून बरं वाटलं. माझा पुतण्या शेवटपर्यंत वर्गात जात होता, हा फरक मी लक्षात घेतला नव्हता. सल्ला मागे घेतो.

ओसरी | १४ ऑक्टोबर

हाउसिंगने नाही म्हटलं तर तिथेच थांबू नका. वर अपील समिती असते.

अंगणवेल | ६ डिसेंबर

मंडळी, निकाल कळवायला उशीर झाला.

केंद्राचा हिशेब हिशेबीताईंनी सांगितला तसाच झाला, एक दिवस पुढचा. ४४ दिवस, ४१.९ टक्के. मदत राहिली २,१९९.७५, परत गेली ३,०५०.२५. पेल पूर्ण राहिली. अनसबसिडाइज्ड कर्ज शून्य. सबसिडाइज्ड उरलं १९९.७५.

हाउसिंगने आधी नाही म्हटलं. ओसरी म्हणाले तसं अपील केलं, डीनच्या ऑफिसने त्यांना पत्र दिलं, मग १६ पैकी ७ आठवड्यांचाच आकार ठेवला, २,५३७.५०. ट्यूशनच्या अर्जावर निम्मी माफी मिळाली, ३,००० राहिले. एकूण आकार ५,५३७.५०. आमचे आणि मदतीचे मिळून जमा ८,७४९.७५. म्हणजे ३,२१२.२५ परत मिळाले.

हे दोन अर्ज न करता निघून आलो असतो तर ११,८०० चा आकार तसाच राहिला असता आणि ३,०५०.२५ चं बिल आलं असतं. तेवढं आम्हाला या हिवाळ्यात झेपलं नसतं.

लेक बरी आहे. पूर्ण नाही, पण आहे. सकाळी उठते, कुत्र्याला फिरवते. पुढच्या ऑगस्टमध्ये परत जायचं म्हणते.

जुना_खलाशी | ६ डिसेंबर

फार आनंद झाला. ते ३,२१२.२५ ५२९ मधून भरलेल्या पैशांतले आहेत ना? मग परतावा मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत त्याच लेकीच्या ५२९ मध्ये परत टाका. नाहीतर तो शिक्षणाबाहेरचा खर्च धरला जाईल आणि त्यातल्या नफ्यावर कर व दंड लागेल. पत्र जपून ठेवा.

हिशेबी | ६ डिसेंबर

जुना_खलाशी, मी हेच लिहायला आले होते.

राहिलेली एक गोष्ट. १९९.७५ च्या कर्जाला सोडल्यापासून सहा महिन्यांची ग्रेस (हप्ते सुरू होण्याआधीची मुदत), म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. ती ऑगस्टमध्ये परत जाणार, तोवर ग्रेस संपून हप्ते सुरू झालेले असतील. या सत्राचं एवढंसं आहे, फेडून मोकळ्या व्हा. पहिल्या वर्षीचं कर्ज असेल तर त्याचीही ग्रेस याच तारखेला संपते. एप्रिलच्या आधी सर्व्हिसरला (कर्जाचे हप्ते घेणाऱ्या कंपनीला) फोन करून उत्पन्नावर आधारित हप्त्याचं विचारा. आणि तिचं एक्झिट काउन्सेलिंग (शिक्षण सोडताना कर्जदाराने घ्यायची कर्जफेडीची माहिती) राहिलं असेल तर ते ऑनलाइन उरकून घ्या.

अंगणवेल | ८ डिसेंबर

५२९ मध्ये आज परत टाकले. पहिल्या वर्षीचं कर्ज आहे, सर्व्हिसरला जानेवारीत फोन करते.

१९९.७५ काल भरले. मी कार्ड काढलं तर लेक म्हणाली, ‘थांब आई.’ लायब्ररीतल्या पगाराचे पैसे तिच्या खात्यात तसेच होते, त्यातून तिनेच भरले.

निळावंती | ८ डिसेंबर

तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.